कांड्या कुणासाठी?

आई शिवणयंत्रावरून उठली, शेजारच्या दुकानात गेली, सोड्याच्या बाटल्यांच्या फ्रीजचं दार उघडलं आणि आत डोकं घातलं.

नुसतं डोकं नाही. खांद्यापर्यंत. अंगातल्या पायघोळ बुसूतीचे टोकदार खांदे दाराला अडकले म्हणून, नाहीतर सगळीच आत गेली असती.

दुकानदार घाबरत म्हणाला, "बाई, काय हवंय? मी काढून देतो ना."

"थंडी हवीय," आतून आवाज आला. "बाकी काही नको. दार लावून घे."

फेब्रुवारी होता, हे मान्य. फेब्रुवारीत आमच्या मित्याना गावात सगळ्यांनाच उकडतं. पण आईचं उकडणं वेगळ्याच जातीचं. पंखा सुरू, खिडकी उघडी, सगळे ठीकठाक बसलेले, आणि मध्येच ही चकाकायला लागायची. आधी वरच्या ओठावर घामाचे मणी, मग कपाळावर, मग कात्री खाली, टेप खाली, कमरेचा पट्टा सुटला, बुसूतीच्या आतला जाड कपडा गेला कोपऱ्यात. समोर माप द्यायला उभी असलेली नवरी मुलगी तोंड उघडं टाकून बघतेय. आणि आई म्हणतेय, "काय बघतेस? हात वर कर."

आई बुसूत्याच शिवते. लग्नाच्या, बारशाच्या, मयताच्या. पायघोळ, कमरेला रुंद पट्टा, आत अजून एक जाड कपडा गुंडाळलेला, म्हणजे बाई भरलेली दिसते. दिसायला राणी. आत भट्टी. आईला हे सगळं अंगावर घालून दुसऱ्यांसाठी तेच शिवायचं होतं.

आणि रडणं! रेडिओवर शेळ्यांच्या जंतावरच्या औषधाची जाहिरात लागली आणि आई रडायला लागली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणे, त्या शेळीचा आवाज किती समजूतदार आहे.

मी तिला दवाखान्यात नेलं. बाहेर बाकड्यावर बसलो. नर्सनं तपासलं, रक्तदाब बघितला, सगळं ठीक निघालं. नर्सचा आवाज मोठा होता, त्यात माझा काय दोष. "बाई, पाळी जायचं वय झालंय तुमचं. काही दिवस हे असंच चालणार. मध्येच परत रक्त दिसलं तर मात्र लगेच यायचं, घरी बसायचं नाही."

आई बाहेर आली. माझ्याकडे बघितलं.

"ऐकलंस का काही?"

"नाही."

"काय नाही ऐकलंस?"

"पाळीचं."

पर्स डोक्यात बसली. घरी आल्यावर दार लावलं, पडदा ओढला, आणि म्हणाली, "लुब्वामा, हे कुणाला बोललास तर मी तुला ओळखत नाही. मला अजून एकही नातवंड नाही आणि या गावच्या बाया मला फुकटात आजी करून टाकतील. उद्यापासून नवऱ्या मुली येतील, आजी, माप घ्या. आजी, दोरा ओवून देऊ का? मी सुईत दोरा अंधारात ओवते! ठेव हात माझ्या डोक्यावर."

ठेवला. डोकं गरम होतं.

आता माझं सांगतो. मी मोबाईल दुरुस्त करतो, आईच्या दुकानाच्याच कडेला माझी टपरी आहे. आणि माझं नासूनावर प्रेम आहे. ती बाजाराच्या वरच्या अंगाला कोंबडीची पिल्लं विकते. तिच्याशी बोलायचं तर शंभर पिल्लांच्या चिवचिवाटात बोलावं लागतं, त्यामुळे आमच्या सगळ्या प्रेमाच्या गोष्टी ओरडून झाल्यात. येत्या रविवारी आम्ही तिच्या आत्याकडे जाणार होतो. हे सगळ्यात मोठं काम. मुलीचा बाप काय, आई काय, ते नंतर. आधी आत्या. आत्यानं पोरगा पसंत केला तर पुढे बोलणी, कार्यक्रम, मुलीकडच्यांना द्यायच्या गाई, सगळं. आत्यानं नाही म्हटलं तर घरी जा आणि भिंतीकडे तोंड करून झोप.

आणि नासूनाची आत्या म्हणजे नाकिमेराबाई. चर्चच्या गाण्याच्या मंडळीची प्रमुख. गाणं थांबवायचं असलं की हवेत मूठ आवळते, आणि चाळीस माणसं एका झटक्यात गप्प होतात. रस्त्यातून जाताना ती मूठ आवळते तेव्हा कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तर, मंगळवारी आई म्हणाली, "बाजारात जा. नालोंगोकडून मुंब्वा आण."

"ते काय असतं?"

"मातीच्या कांड्या. पाला, मुळ्या, साली कुटून मातीत मळतात, वळतात, उन्हात वाळवतात. खापरीवर पाण्यात उगाळून प्यायचं. माझी आई याच वयात प्यायची, आग उतरायची तिची. आणि थोडा मुजाजाचा पाला पण आण, चहात टाकायला."

"तू का नाही जात?"

"मी गेले तर नालोंगो विचारेल कुणासाठी. मग सगळा बाजार विचारेल. तू बाप्या माणूस आहेस, तुला कोण विचारणार?"

आईच्या हुशारीचा मला अभिमान वाटला. खरंच वाटला.

*

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. तिला तीनदा जुळी झाली. आवाजही तसाच, एका वेळी दोघींचा निघतो. टोमॅटोवाल्या आणि सुक्या मासळीवाल्यांच्या मध्ये ती पोत्यावर बसते, पुढे कांड्यांची रास. काही जाड, काही बारीक, प्रत्येकीवर काडीनं ओढलेल्या वेगवेगळ्या रेघा.

"आजी, मुंब्वा द्या."

"कुणासाठी?"

"घरच्यासाठी."

"घरच्या कुणासाठी? तुझ्या घरात तू आणि तुझी आई."

"एका बाईसाठी."

"बाईसाठीच असणार बाबा, मी काय बाप्यांना मुंब्वा पाजत नाही. काय होतंय तिला?"

आता नाव तर घ्यायचं नव्हतं. पण लक्षणं सांगायला काय हरकत? सांगितली. अंगाची आग होते. रात्री झोप लागत नाही. उगाच चिडते, उगाच रडते. परवा तर एका शेळीसाठी रडली. आणि कच्चे आंबे मीठ लावून खाते.

नालोंगोचा चेहरा उजळत गेला. शेळीशी आलो तोवर तिचे सगळे दात दिसायला लागले. आंब्याशी आलो आणि तिनं तोंडापुढे हात हलवत लग्नात देतात तशी लांब आरोळी ठोकली. टोमॅटोवालीनं पण दिली. मासळीवालीनं पण दिली. मला वाटलं, सकाळपासून धंदा झाला नसेल, पहिलं गिऱ्हाईक म्हणून खूश झाल्यात. मी पण हसलो. हात हलवला. तिनं वाळलेल्या केळीच्या पानात कांड्या बांधल्या, माझ्या गालावर थापटलं आणि म्हणाली, "रोज उगाळून दे हो तिला. स्वतःच्या हातानं. चांगला आहेस तू. बाकीचे पळून जातात."

मी म्हटलं, मी कशाला पळू?

"हेच, हेच!" टोमॅटोवाली म्हणाली आणि मला दोन टोमॅटो फुकट दिले.

घरी आलो. आईनं पुडी सोडली, एक कांडी नाकाला लावली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी टोमॅटो मागे लपवले.

"हे पोटुशीचं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे गरोदर बाईचं! तू पोटात होतास तेव्हा नऊ महिने उगाळून प्यायलेय मी हे. वास विसरेन का? काय सांगितलंस तू तिला?"

मी सांगितलं काय सांगितलं ते. आई खुर्चीत बसली. मग हसली. मग आग आली, पट्टा सुटला. "जा," वारा घेत म्हणाली. "बदलून आण. सांग तिला, गरोदर नाहीये ती बाई. एवढंच सांग. एवढंच!"

*

एवढंच सांगायला गेलो होतो, देवाशपथ.

तेव्हा बाजार भरलेला. नालोंगोपुढे चार बाया, आणि कडेला किबूका आपल्या भाड्याच्या मोटरसायकलवर आडवा होऊन मका खात होता. किबूका माझा मित्र आहे. तो दिवसभर लोकांना इकडून तिकडे नेतो आणि त्यांच्याबरोबर बातम्याही नेतो.

"आजी, या नकोत. दुसऱ्या द्या. ती बाई गरोदर नाही."

"नाही? मग?"

"तिची थांबलीये."

"थांबलीये म्हणजे?"

मी खाली वाकून हळू आवाजात सांगितलं. नालोंगोनं ते मोठ्या आवाजात परत विचारलं. "पाळी थांबलीये? किती महिने?"

"सात."

मासळीवालीचा सुरा हवेत राहिला.

"सात महिने थांबलीये," नालोंगो म्हणाली, "आणि गरोदर नाही. कुणी सांगितलं तुला हे? तिनंच?"

बाया हसायला लागल्या. मला घाम फुटला, आईसारखाच.

"तसं नाही हो आजी. ती वयानं मोठी आहे."

"किती मोठी?"

"माझ्यापेक्षा... पुष्कळ मोठी."

हे बोलायला नको होतं. एक बाई चक्क खाली बसली. दुसरी म्हणाली, "अगं बाई, आणि चेहरा बघ कसा गरीब!" टोमॅटोवालीनं हात पुढे केला. टोमॅटो परत मागत होती. मी म्हटलं, आजी, कांड्या तरी बदलून द्या. नालोंगोनं दोन्ही हात राशीवर आडवे धरले. "आधी तिला घेऊन ये. पोट बघितल्याशिवाय मी आता काही देत नाही. आणि लाज वाटून घेऊ नकोस पोरा, वय काय, प्रेम आंधळं असतं!"

किबूकानं मका अर्धा टाकला आणि गाडीला किक मारली.

संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली. मला ती परत माझ्याच टपरीवर ऐकायला मिळाली, फोनची काच बदलायला आलेल्या माणसाकडून. गोष्ट अशी होती: इथल्या एका मोबाईलवाल्यानं मुबेंडे गावच्या एका विधवेशी सूत जमवलंय. बाई पन्नाशीची. सातवा महिना. जुळी आहेत. बाईची स्वतःची गाडी आहे.

"गाडी कुठून आली?" मी नंतर किबूकाला धरून विचारलं.

"गाडी मी घातली," किबूका म्हणाला. "उगाच कुणी म्हणायला नको की तू गरिबाघरची धरलीस."

*

नासूना पिल्लांच्या खोक्यांमागे उभी होती. मला बघितलं, आणि नेहमीसारखी गुडघे टेकून खाली बसली. रागावली म्हणून रीत सोडेल अशी पोरगी नाही ती.

"दिवस कसा गेला, साहेब?"

साहेब! मला ती कधीच साहेब म्हणत नाही.

"बरा गेला. तुझा?"

"बरा. बाळं कशी आहेत?"

"कुठली बाळं?"

"तुमची. जुळी." खालूनच, नजर जमिनीवर, आवाज मधासारखा. मग ती उठली आणि मध संपला. "मुंब्वा घेतलीस की नाही तू?"

"घेतली."

"कुणासाठी?"

पिल्लं चिवचिवत होती. मी एका पिल्लाकडे बघत राहिलो. त्यानंही माझ्याकडे बघितलं. त्याला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

"लुब्वामा, ऐक. खोटं बोललास तर मी रागावेन. खरं बोललास तर पण रागावेन, पण कमी. गप्प बसलास तर मग मला आत्याचं ऐकावं लागेल. आत्या म्हणतेय, रविवारी येऊ नका. आधी म्हणे त्या बाईचं निस्तर."

"ती बाई नाहीच! म्हणजे, बाई आहे. पण तशी नाही. नासूना, तू फक्त..."

एवढ्यात मागून तिची आई येताना दिसली, डोक्यावर खाद्याचं पोतं घेऊन.

आता काय करणार. होणाऱ्या जावयानं सासूच्या पुढ्यात उभं राहायचं नसतं. सावलीसुद्धा पडू द्यायची नसते. नाहीतर हातापायांना थरथर सुटते म्हणतात. मी उडी मारली ती थेट केळीच्या बागेत. नासूनाच्या आईनं पोतं डोळ्यांवर ओढलं आणि म्हणाली, "मी काही बघितलं नाही गं! तो गेला का?"

"नाही, केळीमागे आहे."

"मग त्याला म्हणावं, आमच्याकडचं केळफूल मोडू नकोस. बाकी काय मोडायचं ते मोडलंच आहेस."

मी केळीमागून ओरडलो, "नासूना, माझ्यावर विश्वास ठेव!" पण पिल्लांना खाद्याचा वास लागला होता. तिनं ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.

*

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. म्हणजे आधी सांगणार नव्हतो. पण माझ्या केसांत केळीची सुकी पानं होती, आणि आईनं विचारलं.

ती टाचण्या तोंडात धरून ऐकत होती. मध्येच टाचण्या काढल्या.

"मुबेंडेची?"

"हो."

"स्वतःची गाडी?"

"हो."

"दिसायला कशी म्हणतात?"

"ते कुणी बोललं नाही."

"विचारायचं तरी!" आणि ती अशी हसली की यंत्राच्या खोक्यातली रिळं खाली पडून घरंगळली. हसता हसता घामानं भिजली, पट्टा काढला, वारा घेतला, परत हसली. आणि मग थांबली.

"तू नासूनाला सांगितलं नाहीस?"

"तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता ना."

"आणि आत्या नाही म्हणाली?"

"रविवारी येऊ नका म्हणाली."

आई टेप गुंडाळायला लागली. मग म्हणाली, "रविवारी जायचंच." आणि यंत्रावर बसली. मला वाटलं, माझ्या काकांनी जाऊन बोलावं असं म्हणतेय. पोराच्या आईनं त्या घरी पाऊल टाकायचं नसतं, ते काम काकाचं, दोन-तीन माणसांचं. म्हणून मी गेलो काकांकडे. काका म्हणाले, काळजी करू नकोस, मी असं भाषण करीन की आत्या रडेल.

*

रविवार. उन्हात पत्रे कडकडत होते. काका, किबूका आणि मी. किबूकाला मी आणणार नव्हतो, पण गाडी त्याची. साखर, पाव, मांस, चहापत्ती, सगळं टोपल्यांत. काकांनी लांब पांढरा अंगरखा, वर कोट. त्यांना पण उकडत होतं पण त्यांचं साधं उकडणं.

नाकिमेराबाई दारात उभी. आत या म्हणाली नाही. मागे, आतल्या दाराच्या पडद्याखाली नासूनाचे पाय दिसत होते. मी त्या पायांकडे बघत होतो.

काकांनी घसा साफ केला. "बाई, आम्ही वाटेनं चाललेले तहानलेले प्रवासी. चालता चालता वाट चुकलो आणि दूरवर आम्हाला एक फूल..."

आत्याची मूठ हवेत आवळली गेली. काका फुलाशीच थांबले.

"वाट चुकलात हे खरं," आत्या म्हणाली. "मुबेंडेचा रस्ता मागे राहिला. तिकडे तुमचं एक कुटुंब वाट बघतंय, सातवा महिना लागलेलं. माझी भाची दुसरी बायको म्हणून जाणार नाही. टोपल्या उचला."

किबूकानं हळूच विचारलं, "मांस पण?"

"मांस पण."

पडद्याखालचे पाय हलले नाहीत. मला वाटलं आता ओरडून सांगावं. जाऊ दे डोकं, जाऊ दे हात. तोंड उघडलंच होतं, आणि फाटकापाशी एक मोटरसायकल थांबली.

मागच्या सीटवर आडवी बसून आई. केशरी बुसूती, नवीकोरी, खांदे असे उभे की त्यावर पक्षी बसले असते. त्या आठवड्यात यंत्र कशासाठी चालू होतं ते तेव्हा कळलं. काकांच्या हातातून टोपी पडली.

"वहिनी! तुम्ही इथे यायचं नसतं!"

"माहितेय मला," आई म्हणाली, आणि सरळ अंगणातून चालत आत्याच्या पुढ्यात. दोघी सारख्याच उंच. "बाई, मी मुलाची आई म्हणून आलेली नाही. त्या नात्यानं मला यायचा हक्क नाही. मी मुबेंडेची गाडीवाली आहे."

आत्याचं तोंड उघडलं.

"विधवा आहे, हे बरोबर. पन्नाशीची आहे, बरोबर. सात महिने झाले, तेही बरोबर. पोटात काही नाही, सकाळचं उकडलेल्या केळ्यांचं मतोके सोडलं तर. गाडी मात्र भाड्याची आहे, तो पोरगा बाहेर पैशासाठी थांबलाय. मुंब्वा माझ्यासाठी होती. पोराच्या तोंडाला कुलूप मी घातलं होतं. आता काय विचारायचं ते मला..."

आणि तिथेच आग आली. भर उन्हात, केशरी कापडात, आत जाड कपडा गुंडाळलेला. मणी वरच्या ओठावर, मग कपाळावर. आई ताठ उभी राहायला बघत होती. मला पहिल्यांदाच हसू आलं नाही. ती माझ्यासाठी या भट्टीत उभी होती आणि आता सगळ्या गावाला कळणार होतं. मी पुढे झालो तर आत्याची मूठ माझ्याकडे वळली आणि मी थांबलो.

आत्या आईकडे निरखून बघत होती. तोंडाकडे नाही, गळ्याकडे.

"कुठून सुरू होते?" आत्यानं विचारलं. आवाज अगदी वेगळा. "मानेपासून का छातीपासून?"

"छातीपासून," आई धापा टाकत म्हणाली. "मग वर. मग कानात."

"कानात!" आत्यानं दोन्ही हातांनी आईचा हात धरला. "कानात जाते ना? मला वाटलं माझ्या एकटीच्याच कानात जाते! आत या, आत या बाई, पट्टा सोडा आधी. नासूना, पाणी! बादली आण, पेला नको, बादली! आणि तुम्ही पुरुषांनी इथे काय थांबलाय? जा त्या फणसाखाली."

आम्ही फणसाखाली गेलो. खिडकी उघडी होती. पहिल्यांदा पाण्यात पाय बुडाल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या जोडीचे पाय. मग डब्याचं झाकण.

"साखरेच्या डब्यात ठेवते मी," आत्या सांगत होती. "साखर खाली, कांड्या वर. घरात कुणी चहा करत नाही माझ्याशिवाय. हे बघा, या रेघा. ही आपल्या वयाची."

"कुठून आणता?"

"नालोंगोकडूनच! सून गरोदर आहे म्हणून सांगते, आणि तिची नजर चुकवून या रेघांच्या उचलते."

"सून आहे तुम्हाला?"

"दीड वर्षापासून गरोदर आहे ती. परवा नालोंगो म्हणाली, अहो, अजून बाळंत कशी होत नाही? मी म्हटलं, हत्ती आहे."

त्यानंतर जे हसणं सुरू झालं ते काय सांगू. आई हसते तशी आत्यापण हसते, खालून वर येत. खापरीवर कांडी उगाळल्याचा खर्र खर्र आवाज, त्यात हसणं, त्यात "थांबा, आली, आली, मला आली!", "मला पण!", बादलीतलं पाणी उडालेलं. काका कोट काढून बसले होते. "माझं भाषण?" ते म्हणाले. किबूका म्हणाला, फणसाला ऐकवा.

एका दमात चाळीस माणसं गप्प करणारी बाई आत खिदळत होती आणि तिला कुणी मूठ दाखवणारं नव्हतं.

मग मुजाजाच्या चहाचा वास आला, आणि आवाज खाली आले. आई काहीतरी हळू बोलत होती. शेळीचं असावं. आत्या म्हणाली, "मी चर्चमध्ये रडले, हिशोबाचं वाचन चाललं होतं तेव्हा." कांडीनं खरंच उतरतं का, मला माहीत नाही. आई म्हणते उतरतं. नर्स म्हणते, तपासायला येत राहा, आणि वेळेनं उतरेल. पण त्या दुपारी त्या खोलीत काहीतरी उतरलं, एवढं मी खिडकीबाहेरून सांगू शकतो.

शेवटी आत्या बाहेर आली. पट्टा सैल, पाय ओले, चेहरा परत आत्याचा.

"कार्यक्रम जुलैत," ती म्हणाली.

काका दचकले. "जुलैत? आम्ही म्हणत होतो ईस्टरनंतर लगेच. जुलैच का?"

"कारण जुलैत गार असतं."

"पण बाई, गाईंचा भाव..."

"गाईंना बुसूती घालायची नसते. जुलै. सकाळी लवकर. मांडवाला दोन्ही बाजू उघड्या. आणि माझी बुसूती यांच्याकडूनच शिवून, आतला कपडा पातळ. आम्ही ठरवलंय." मग ती थांबली, आणि माझ्याकडे बघितलं. "आता रीत. रीत सोडायची नाही. नासूना!"

पडद्यामागून नासूना आली. आत्याच्या पायाशी, आमच्या सगळ्यांसमोर, गुडघे टेकून बसली. आत्यानं हो म्हटलं तरी शेवटी पाहुण्यांना ओळख मुलीनं द्यायची असते, तिनं ओळखलं तरच होकार. आत्या आईबरोबर हसली म्हणून नासूना हसलेली नव्हती. एकदासुद्धा माझ्याकडे बघितलं नव्हतं तिनं.

"हे पाहुणे आलेत," आत्या म्हणाली. "यांना ओळखतेस का?"

नासूनानं गुडघ्यावरचा कपडा सारखा केला.

"एकाला ओळखते," ती म्हणाली. "त्याला खोटं बोलता येत नाही. खरं पण बोलता येत नाही. केळफूल मोडून पळतो."

"मोडलं नाही!" मी म्हणालो.

"बोलू नकोस," आत्या, आई, काका तिघं एकदम.

"पण आईची गोष्ट पोटात ठेवली त्यानं," नासूना म्हणाली. "गावभर मान खाली घालून फिरला, पण ठेवली. उद्या माझी पण ठेवेल. मला पण कधीतरी पन्नाशी येईलच ना, आत्या."

"येईल बाई," आत्या म्हणाली. "कानात येईल."

"मग ओळखते." आता तिनं मान वर केली, आणि दाबून धरलेलं हसू एकदम सुटलं तिचं, पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "टोपल्या आत घ्या. मांस खराब होईल उन्हात."

किबूकानं मांसाची टोपली सगळ्यात आधी उचलली. काका म्हणाले, आता तरी ऐका, मी फुलापर्यंत आलो होतो, आणि दारातच उभे राहून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. आत आईला परत आग आली होती. ती आणि आत्या एकाच बादलीत पाय घालून, एकाच पुठ्ठ्यानं आळीपाळीनं वारा घेत, अगदी गंभीर चेहऱ्यानं भाषण ऐकत होत्या.